ओस पडणारी गावे (लेखांक ५) : तार पंचायतीपर्यंत, घर वाडीत

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, परंतु रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या, त्या प्रामुख्याने कमावते पुरुष मुंबईकडे चाकरमानी होऊन गेल्यामुळे. ही गळती गिरणगावाच्या काळापासूनची असल्याने तिचा दोष इंटरनेटच्या अभावाला देता येत नाही. मात्र मुंबईची नोकरी गावात बसून करण्याची जी वाट अलीकडे खुली झाली, ती या अभावामुळे कोकणातील तरुणांसाठी बंद राहते, आणि ही हानी फार मोठी आहे.

केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली योजना ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाशाच्या स्पंदनांतून माहिती वाहून नेणारा केसाएवढा काचतंतू, ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यासाठी आखली गेली. कोकणातले गाव मात्र एका जागी वसलेले नसते. एक वाडी सड्यावर, दुसरी खाडीकाठी, तिसरी डोंगराच्या पलीकडच्या उतारावर असते, आणि पंचायतीपासून तिथपर्यंत जांभा फोडून तार टाकणे खर्चाचे असते. मोबाईलच्या लहरी डोंगर आड आला की क्षीण होतात, म्हणूनच २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यांना रेंजसाठी डोंगर चढून, पावसात आडोसा उभारून वर्ग ऐकावे लागले. त्यातच वाडीतील अनेक घरे केवळ गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. कुलूपबंद घराकडून महिन्याचे शुल्क येत नाही, ग्राहक मोजके म्हणून कंपनी पुढे सरसावत नाही, आणि सेवा नाही म्हणून उरलेला तरुणही एसटी धरतो. जोडलेल्या पंचायतींचा आकडा या दुष्टचक्राविषयी काहीच सांगत नाही. मोजायची तर वाडीतली घरे मोजली पाहिजेत.

जपानमधील शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा प्रांतात, जुनी अॅनालॉग दूरचित्रवाणी बंद झाल्यावर ओसाकाच्या वाहिन्या दिसेनाशा होतील या चिंतेतून, खेडोपाडी फायबर पोहोचवला गेला. तेथील कामियामा या डोंगराळ गावात २०१० पासून टोकियोतील कंपन्यांनी रिकाम्या जुन्या घरांत शाखा थाटल्या आणि २०११ मध्ये गाव सोडणाऱ्यांपेक्षा गावात येणारे अधिक ठरले. जन्मांहून मृत्यू जास्त असल्याने एकूण लोकसंख्या तरीही घटतच राहिली. येथे तारेइतकेच महत्त्व ‘ग्रीन व्हॅली’ या स्थानिक संस्थेला होते, कारण गावाला पाववाला हवा की संगणकावर काम करणारा हवा हे ठरवून ती त्या-त्या व्यवसायाच्या माणसांना रिकामी घरे मिळवून देत असे. कोकणातील घर असे भाड्याने द्यायचे म्हटले, तर पिढ्यानपिढ्या वाटणी न झालेल्या सामाईक मिळकतीत मुंबई, पुणे आणि बडोद्यात विखुरलेल्या सहहिस्सेदारांची संमती आधी मिळवावी लागते. त्या गुंत्याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.