कानातील सोळा हजार पेशी

पाडुआ विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापक बेर्नार्दिनो रामात्सिनी यांनी कामकऱ्यांच्या व्याधींवरील आपल्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ती १७१३ साली प्रसिद्ध केली. तीत व्हेनिसच्या तांबटांचे वर्णन आहे. शहराच्या एकाच भागात ही मंडळी राहत आणि दिवसभर तांबे ठोकीत. त्या ठोक्यांनी त्यांचे कान मंद होत, आणि या धंद्यातच म्हातारे होणारे पुढे ठार बहिरे होत, असे रामात्सिनींनी नोंदविले. पुण्याच्या तांबट आळीत ज्याने एखादी सकाळ काढली असेल, त्यास हे वर्णन परके वाटणार नाही. परंतु ठोक्यांनी कानातील नेमके काय बिघडते, हे कळण्याचे साधन त्या काळी नव्हते. ज्या नाजूक इंद्रियावर हा घाला पडतो, त्याचे सूक्ष्मदर्शकातून पाहून केलेले सविस्तर वर्णन आल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केले.

कानाची पाळी व पडदा यांविषयी शालेय पुस्तकांत पुष्कळ असते. तेथे थांबावयास नको. पडद्याच्या आत तीन इवलीशी हाडे साखळीसारखी जोडलेली असतात : घण, ऐरण आणि रिकीब. पहिल्या दोहोंची नावे ठोकण्याच्या धंद्यातलीच आहेत, हा योगायोग मौजेचा खरा! या साखळीची गरज काय? विहिरीत बुडी मारलेल्या मुलास काठावरची हाक नीट ऐकू येत नाही, कारण हवेतील ध्वनी बहुतांशी पाण्याच्या पृष्ठावरूनच परत फिरतो. अंतर्कर्णात द्रव भरलेला असल्याने तेथेही हीच अडचण आहे. पडद्याचे कंप त्याच्या सुमारे सतरावा हिस्सा क्षेत्रफळाच्या खिडकीवर एकवटून ही हाडे दाब वाढवितात व ध्वनी आत पोहोचवितात.

आत शंखासारखी अडीच वेढ्यांची नलिका असते. ती उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यातून एक पातळ पटल लांबवर गेलेले असते. रिकिबीपाशी ते अरुंद व ताठ, तर शेंड्याकडे रुंद व सैल असते. बुडापेस्टच्या टेलिफोन खात्यातील प्रयोगशाळेत काम करणारे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांचे कान घेऊन, लुकलुकणाऱ्या दिव्याच्या प्रकाशात या पटलावरून धावणारी लाट प्रत्यक्ष पाहिली. उंच पट्टीच्या स्वराची लाट रिकिबीजवळ उसळते, तर खर्जाची शेंड्याशी. या कार्याबद्दल त्यांस १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पटलावर केशपेशींच्या रांगा असतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचा झुबका असून, पटल हलले की तो वाकतो व पेशीत विद्युत्-संदेश उत्पन्न होतो. आतली एक रांग तो संदेश मेंदूकडे धाडते. बाहेरच्या तीन रांगांचे काम निराळे आहे : त्या पेशी स्वतः आखडतात व लांबतात आणि क्षीण ध्वनीस बळ देतात. हे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. मृत कानात बेकेशींना दिसलेली लाट जिवंत कानातल्याइतकी रेखीव का नव्हती, याचाही उलगडा त्यातून झाला.

आता हिशेब पाहा. एका डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात असतात. एका कानातील केशपेशी अवघ्या सोळा हजार! त्याही जन्मापूर्वीच तयार होतात. मेलेल्या पेशीची जागा नवी पेशी घेत नाही.

प्रचंड आवाजाने आधी मरतात त्या बहुधा बाहेरच्या रांगांतील, आणि त्यांतही सेकंदास ४००० कंपनांच्या आसपासचे स्वर टिपणाऱ्या. म्हणूनच हे बहिरेपण चोरपावलांनी येते. स्वर खालच्या पट्टीत असल्याने ते ऐकू येत राहतात. हरवतात ती 'स', 'श', 'थ', 'फ' यांसारखी व्यंजने. कोणी 'सात' म्हटले तर 'हात' ऐकू येते. अशा माणसास आपला कान गेला असे वाटतच नाही. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्याची तक्रार असते. घरातील एखाद्या वृद्धाविषयी हे वाचकांच्या परिचयाचे असेल.

बहिरेपणाचे सर्व प्रकार असे असाध्य नसतात. साचलेला मळ, फाटलेला पडदा किंवा जखडलेली रिकीब यांवर उपाय होतो. दोष कोठे आहे हे ताडण्यास साधा नादकाटा उपयोगी पडतो. कानामागच्या हाडावर टेकविलेला काटा कानासमोर धरलेल्या काट्यापेक्षा मोठा ऐकू आला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याचा संभव अधिक. केशपेशींच्या नाशात तसे होत नाही.

किती आवाज सोसवतो? ८५ डेसिबेलमध्ये दिवसाकाठी ८ तास ही मर्यादा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचविली आहे. दर ३ डेसिबेलच्या वाढीस हा अवधी निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबेलला केवळ १५ मिनिटे. मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून घरी परतल्यावर रात्रभर कानात होणारी गुणगुण ही पेशींना इजा झाल्याची खूण होय. ती दुसऱ्या दिवशी थांबली तरी नुकसान पूर्ण भरून निघाले, असे खात्रीने म्हणता येत नाही. आपल्या देशात २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. ती कितपत पाळली जाते, हे सणासुदीच्या दिवसांत ज्याचे त्यानेच पाहावे.

पक्ष्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. कोंबडीच्या पिलांच्या व लावी पक्ष्यांच्या कानांत नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, असे १९८८ मध्ये अमेरिकेत दिसून आले. मानवी कानात ही शक्ती का नाही आणि ती जागविता येईल काय, याचा शोध तेव्हापासून चालू आहे. तोवर ज्यांच्या केशपेशी निकामी झाल्या आहेत, त्यांच्या शंखनलिकेत शस्त्रक्रियेने बारीक तार बसवितात. तिच्यावरील वीसबावीस विद्युत्-अग्रे श्रवणतंतूंना थेट चेतवितात. सोळा हजारांचे काम ती वीसबावीस कशीबशी करतात. तरी जन्मतः बहिऱ्या बालकास ती लहानपणीच बसविली, तर त्यांतील पुष्कळ मुले ऐकून बोलावयास शिकतात.