ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर कसा निवडावा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या, खोल जमिनीवर वसलेल्या नांदुरा तालुक्यात कापूस, सोयाबीन, मका आणि तूर या पिकांचा माल शेतातून घरी, घरून बाजार समितीत आणि तेथून जिनिंगच्या आवारात नेण्याचे काम आज जवळपास संपूर्णपणे ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडलेली ट्रॉली यांच्यावर अवलंबून आहे. शेजारच्या खामगावची कापूस बाजारपेठ जुनी असून १८७० साली तिच्यासाठी जलंबहून रेल्वेचा स्वतंत्र फाटा टाकण्यात आला आणि त्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले, यावरून या भागातून किती माल बाहेर पडत असे याची कल्पना येते. त्या काळी बैलगाडीवर असलेला भार आता ट्रॉलीवर आला आहे. ट्रॅक्टर विकत घेताना मात्र चर्चा बहुतेक वेळा एकाच आकड्यापाशी थांबते, तो म्हणजे अश्वशक्तीचा. नांगरटीसाठी किंवा रोटाव्हेटर चालवण्यासाठी तो आकडा महत्त्वाचा असला, तरी जड ट्रॉली ओढण्याच्या कामात तो पुरेसा नसतो आणि काही वेळा दिशाभूल करणाराही ठरतो.

याचे कारण समजून घेण्यासाठी एक साधा हिशेब मांडता येतो. रिकामी ट्रॉली दीड टनाची धरली आणि तिच्यात साडेचार टन माल, म्हणजे ढोबळमानाने एक ब्रास रेती किंवा उंच फळ्या लावून भरलेला ४५ क्विंटल मका धरला, तर ट्रॉलीचे एकूण वजन सहा टन होते. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः साधारण दोन टनांचा असतो, म्हणजे रस्त्यावर चालणारे सारे वजन आठ टन झाले. सपाट डांबरी रस्त्यावर चाके फिरत ठेवण्यासाठी एकूण वजनाच्या सुमारे दोन टक्के ओढ लागते, तेव्हा येथे १६० किलो ओढ पुरते आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने जाण्यासाठी १५ अश्वशक्ती खर्च होते. इंजिनातील निम्म्याहून अधिक ताकद अशा वेळी वापराविना राहते. शंभर फुटांत पाच फूट चढणारा रस्ता लागला की मात्र वजनाचा विसावा भाग ओढीत वाढतो, १६० किलोंची गरज ५६० किलोंवर जाते, आणि त्याच वेगासाठी पन्नासहून अधिक अश्वशक्ती लागत असल्याने ट्रॅक्टरला खालच्या गिअरमध्ये येऊन ताशी १८ किलोमीटरच्या आसपास चढावे लागते. एवढी गती कमी होणे कोणत्याही शेतकऱ्याला अडचणीचे वाटण्याचे कारण नाही.

खरी अडचण रस्त्यावर नसून शेताच्या बांधापासून रस्त्यापर्यंतच्या दोनचारशे फुटांत असते. पावसानंतर वाफसा येण्याआधी किंवा ओलित केलेल्या वावरातून ट्रॉली काढताना चाके जमिनीत रुततात आणि ओढीची गरज वजनाच्या दोन टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे त्याच सहा टनांच्या ट्रॉलीला आता नऊशे किलो ओढ हवी. ताशी चार किलोमीटरच्या वेगाने ही ओढ देण्यासाठी, ट्रॅक्टरचे स्वतःचे रुतणे धरूनही, २० अश्वशक्तीच्या आतच काम भागते, म्हणून इंजिन कमी पडत नाही. कमी पडते ती टायरची पकड. दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर त्याच्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे १३०० किलो वजन येते, आणि ओल्या काळ्या मातीत त्यापैकी चाळीस टक्क्यांएवढी ओढ मिळाली तरी ती पाचशे किलोंच्या थोडीशीच पुढे जाते. नऊशेची गरज आणि पाचशेची पकड यांतील अंतर कितीही मोठ्या इंजिनाने भरून निघत नाही. चाके जागच्या जागी फिरतात, माती खोदतात आणि ट्रॅक्टर फसतो. त्यामुळे ट्रॉलीसाठी ट्रॅक्टर पाहताना पहिला प्रश्न त्याच्या वजनाचा आणि टायरांचा असावा, आणि समान अश्वशक्तीच्या दोन ट्रॅक्टरांपैकी अधिक वजनाचा व रुंद टायरांचा ट्रॅक्टर या कामासाठी उजवा मानावा, मग त्याची किंमत किंचित अधिक का असेना.

हे वजन वाढवण्याचे उपायही उपलब्ध आहेत. मागच्या चाकांना ओतीव लोखंडाची वजने लावता येतात, आणि टायरांमध्ये साधारण तीन चतुर्थांशापर्यंत पाणी भरता येते. दोन्हींमुळे पकड वाढते, परंतु नेहमीच्या हलक्या मशागतीत तेच वजन जमीन दाबते आणि डिझेल जाळते, म्हणून वाहतुकीचा हंगाम संपताच ते काढून ठेवणे शहाणपणाचे असते. चारही चाकांना ताकद देणारा, अर्थात फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर पुढच्या चाकांवरचे एरवी वाया जाणारे वजनही ओढीला लावतो, म्हणून खारपाणपट्ट्यातील चिकट जमिनीत ज्यांना ओल असताना वारंवार ट्रॉली काढावी लागते त्यांच्यासाठी तो वाढीव खर्च योग्य ठरतो. केवळ डांबरी रस्त्यावर भाड्याची वाहतूक करणाऱ्याला त्याची गरज क्वचित पडते.

ट्रॉली कोठे आणि किती उंचीवर जोडली जाते, या बाबीकडे विशेष लक्ष देण्याची गरज आहे, कारण जीव जाणारे कित्येक अपघात येथेच घडतात. ओढीची जागा मागच्या चाकांच्या आसापेक्षा खाली असली पाहिजे. ती वर असेल, म्हणजे साखळी किंवा दांडी टॉप लिंकच्या जागेवर अडकवली असेल, तर ट्रॉली रुतून थांबताच चाके आसाभोवती ट्रॅक्टरलाच फिरवू लागतात, पुढची चाके उचलली जातात आणि क्षणार्धात ट्रॅक्टर मागे पलटून चालकावर येतो. क्लच दाबायला मिळणारा वेळ सेकंदाहूनही कमी असतो. दोन चाकांच्या ट्रॉलीत माल कसा भरला आहे यालाही तितकेच महत्त्व आहे, कारण तिचा काही भार दांडीवाटे ट्रॅक्टरच्या मागच्या भागावर येतो. हा भार मध्यम असेल तर पकड वाढवून उपकारच करतो, अतिशय झाला तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग वळवूनही ट्रॅक्टर वळत नाही, आणि माल मागच्या फाळक्याकडे भरला गेला तर उलाळ झालेल्या बैलगाडीसारखी दांडी वर उचलली जाऊन मागच्या चाकांची पकडच कमी होते. चार चाकांच्या ट्रॉलीत हा प्रश्न बहुतांशी राहत नाही, पण ती मागे घेणे अवघड असल्याने अरुंद गल्लीतील घरापर्यंत जाणाऱ्या शेतकऱ्याला दोन चाकीच सोयीची वाटते. हुकाची पिन आडव्या खिळीने अडकवणे आणि सोबत सुरक्षा साखळी लावणे हे दोन्ही प्रकारांत बंधनकारक समजले पाहिजे.

कापसाची वाहतूक या सगळ्यात वेगळी आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल डाल्यात रेती भरली तर पाच टनांहून अधिक वजन होते, परंतु मोकळा कापूस तेवढ्याच जागेत तीन-चार क्विंटलांपेक्षा जास्त मावत नाही, म्हणून कापसाच्या ट्रॉलीला उंच फळ्या आणि जाळ्या लावतात आणि माणसे आत उतरून कापूस पायांनी तुडवतात. वजन थोडे असल्याने ट्रॅक्टरला ताण जाणवत नाही आणि तेथेच फसगत होते: डोंगरासारखा उंच चढलेला भार वळणावर बाजूला झुकतो, वाऱ्याने हेलकावे खातो, आणि मागून येणाऱ्याला ट्रॉलीच्या रुंदीचा अंदाज येत नाही. नांदुऱ्यावरून जाणारा पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जड ट्रकांच्या रहदारीचा आहे. त्यावर अंधारात लाल दिवे किंवा परावर्तक पट्ट्यांशिवाय ट्रॉली नेणे हा स्वतःच्या आणि इतरांच्या जिवाशी केलेला खेळ आहे.

ओढण्याइतकाच, किंबहुना अधिक मोठा प्रश्न थांबवण्याचा आहे. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतात आणि आपल्याकडील पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. त्यामुळे आठ टनांचे सारे ओझे थांबवण्याचे काम ट्रॅक्टरच्या १३०० किलो भाराच्या दोन टायरांवर येते. एकटा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटर वेगावरून सहा-सात मीटरांत थांबू शकत असेल, तर वरच्या उदाहरणातील भरलेली जोडी थांबायला बावीस ते पंचवीस मीटर घेते, आणि वेग ताशी ४० झाला की ते अंतर साठ मीटरांच्या घरात जाते. चालकाला धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. उतारावर तर ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलते आणि तो आडवा होतो, म्हणून उतरण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे आणि मध्येच क्लच न दाबणे हाच सुरक्षित मार्ग आहे. शेतात वळण्यासाठी स्वतंत्र ठेवलेले डावे-उजवे ब्रेक पॅडल रस्त्यावर येताच खटक्याने एकत्र जोडावे लागतात. ते सुटे राहिले आणि पाय एकावरच पडला, तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर जागेवर फिरतो.

अमेरिकेत राहण्याच्या सोयींनी युक्त अशी मोठी चाकांवरची घरे, ज्यांना तेथे कॅम्पर म्हणतात, ओढण्यासाठी भारी पिकअप निवडणाऱ्या कुटुंबांनाही हेच प्रश्न सोडवावे लागतात. तेथे अनेकदा गाडीची ओढण्याची मर्यादा पुरेशी असूनही दांडीवाटे पाठीवर येणारा भार आधी मर्यादा ओलांडतो, आणि कंपन्यांचे दावे तुलनायोग्य व्हावेत म्हणून ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या दीर्घ चढावर आधारलेली चाचणी ठरवण्यात आली आहे. भारतात ट्रॅक्टरांसाठी असे काम मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था करते. तिच्या अहवालात ट्रॅक्टरचे वजन, जादा वजन लावून आणि न लावता मिळणारी दांडीवरची ओढ, तसेच ब्रेकची कामगिरी दिलेली असते. खरेदीदाराने विक्रेत्याकडे आवडलेल्या मॉडेलचा हा अहवाल मागावा, कारण माहितीपत्रकातील मोठ्या अक्षरांतल्या अश्वशक्तीपेक्षा त्यातील दांडीवरच्या ओढीचा आकडा ट्रॉलीवाल्याच्या अधिक उपयोगाचा आहे.

किमतीच्या बाबतीत एक सीमारेषा माहीत असावी. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना धुराबाबतचे कडक निकष लागू झाले असून अशा इंजिनांत इंधन सोडण्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येते, ज्यामुळे ते महाग होतात आणि त्यांची दुरुस्ती गावातल्या मेकॅनिकच्या हाताबाहेर जाते. एकाच ट्रॉलीसाठी ही रेषा ओलांडण्याची गरज वरच्या हिशेबावरून दिसत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे की मोटार वाहन कायद्यानुसार ट्रॉली हे स्वतंत्र वाहन असून तिची वेगळी नोंदणी लागते, मर्यादेपेक्षा अधिक माल भरल्यास वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, आणि ट्रॅक्टरचा वैध परवाना असलेला चालक मागे ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले आहे. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॉलीतून भाड्याने रेती किंवा माणसे नेली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडचणीत येतो, म्हणून ज्याला हंगामाबाहेर भाड्याची कामे करायची आहेत त्याने ते नोंदणीच्या वेळीच ठरवावे. ट्रॅक्टर घेण्याआधी आपली भरलेली ट्रॉली एकदा वजनकाट्यावर चढवून पाहावी, आणि नवी ट्रॉली बनवून घ्यायची असेल तर बनवणाऱ्याकडून तिच्या आसावर ब्रेक बसवून घ्यावेत आणि ते ट्रॅक्टरच्या सीटवरूनच लावता येतील अशी सोय करून घ्यावी.