एफएमजीई : साहित्य मोजकं, उजळणी भरपूर

शिरूर-दौंडमधून परदेशात जाऊन एमबीबीएस करून परतलेल्या मुलामुलींनो, हे वाचाच!

📌 एफएमजीई ही परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता परीक्षा. ती एनबीईएमएस (राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळ) घेते. ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

📌 २०० प्रश्न क्लिनिकल विषयांचे. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती आणि पीएसएम (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र) आधी पक्के करा.

📌 पीएसएमसाठी पार्कचं पुस्तक संदर्भाला हवंच. भारतातलं लसीकरण आणि राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम परदेशी अभ्यासक्रमात सहसा नसतात. पुस्तक मात्र नव्या आवृत्तीचंच घ्या.

📌 ॲप एकच निवडा. पैसे भरण्याआधी मोफत व्याख्यान ऐका, प्रश्नांखालची स्पष्टीकरणं वाचा. ती समजली तरच घ्या.

📌 दर आठवड्याला वेळ लावून एक सराव परीक्षा द्या.

घेतलेलं साहित्य पूर्ण करा, मगच नव्याकडे वळा. आपल्या तालुक्यांना तुमची गरज आहे!