फुकटच्या फळीचा जमाखर्च

वर्धा जिल्ह्यातून बाहेर जाणारा मुख्य माल आणि बाहेरून जिल्ह्यात येणारा माल यांच्या बांधणीत एक लक्षणीय भेद आहे. ज्या हिंगणघाटच्या नावाने कापसाची एक प्रतच एके काळी इंग्लंडच्या बाजारात ओळखली जात असे, त्या गावाहून निघणारी रुईची गाठ सुमारे १७० किलो वजनाची, यंत्राने दाबलेली, कापडात गुंडाळून पट्ट्यांनी आवळलेली अशी असते आणि तिला खाली लाकडाचा आधार लागत नाही. याउलट देवळीच्या औद्योगिक वसाहतीत, हिंगणघाटच्या गिरण्यांत किंवा जिल्ह्याची हद्द ओलांडताच लागणाऱ्या बुटीबोरीत जी यंत्रे, जे सुटे भाग, ज्या रसायनांच्या गोण्या आणि ज्या फरश्यांच्या पेट्या येतात, त्यांपैकी पुष्कळशा एका ओबडधोबड लाकडी चौकटीवर बसून येतात. ही चौकट म्हणजे पॅलेट. माल उतरला की तिचे काम संपते. कारखान्याच्या कुंपणालगत तिची थप्पी लागते, दोनचार पावसाळे तिच्यावरून जातात, आणि अखेर भंगाराच्या लिलावात वजनावर तिचा निकाल लागून ती एखाद्या धाब्याच्या भट्टीत जळते. ज्या थोड्या वाचतात त्या सुताराच्या हाती पडतात, आणि त्यांच्या फळ्या सोडवून घडवंची, मांडणी, बाक असे काहीबाही तयार होते. लाकूड फुकट किंवा फुकटासारखेच मिळाले असा सर्वांचा समज होतो. परंतु जमाखर्च नीट मांडून पाहिला तर पैशाने स्वस्त पडलेली ही फळी श्रमाने महाग पडते असे दिसून येते. आणि ते श्रम व्यर्थ जाऊ नयेत अशी इच्छा असेल, तर कामाचा आरंभ पहारेने न करता डोळ्याने करावा लागतो.

प्रथम या वस्तूची रचना ध्यानात घेतली पाहिजे. काटे पुढे करून ओझे उचलणारी यंत्रगाडी आली तेव्हा मालाखाली त्या काट्यांना शिरण्यापुरती पोकळी ठेवणे अवश्य झाले, आणि त्या गरजेतून पॅलेटचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळा आणि रसद यांची अवाढव्य वाहतूक करताना तिचा प्रसार जगभर झाला. तिचे ठळक प्रकार दोन. एकात तीन उभे दांडे असून त्यांच्यावर व खाली फळ्या ठोकलेल्या असतात. दुसऱ्यात दांड्यांच्या जागी ठोकळे असतात, त्यामुळे गाडीचे काटे चारही बाजूंनी शिरू शकतात. युरोपातील रेल्वेसंस्थांनी १९६१ साली ठरवलेले पॅलेट दुसऱ्या प्रकारचे असून १२०० बाय ८०० मिलीमीटरच्या त्या चौकटीत ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात. स्वतःचे वजन अवघे २५ किलोच्या आसपास असताना ती दीड टनाचे ओझे पेलते. आपल्याकडे १२०० बाय १००० चे माप फार चालते. परदेशी यंत्राबरोबर आलेली चौकट बहुधा पाइनची असते. देशात बनलेल्या चौकटीत मात्र निलगिरी, सुबाभूळ, आंबा, जे हाती लागेल ते, आणि कधीकधी एकाच चौकटीत तिन्ही सापडतात. वर्ध्याच्या सुताराला ज्या सागवानाची सवय आहे, त्याचा एक तुकडाही त्यात आढळण्याची आशा धरू नये.

यानंतर शिक्का. परदेशातून आलेल्या किंवा परदेशी जाण्यासाठी बनवलेल्या पॅलेटच्या ठोकळ्यावर अथवा दांड्यावर चौकोनात गव्हाच्या लोंबीचे चित्र आणि त्याशेजारी देशाची दोन अक्षरे, बनवणाऱ्याचा क्रमांक व प्रक्रियेचे संक्षिप्त नाव डागलेले असते. या शिक्क्यामागे एक कीटक आहे. आशिया खंडातला लांब शिंगांचा भुंगेरा मालाच्या लाकडी आवेष्टनातून अमेरिकेत शिरला, १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील झाडांवर तो आढळला, आणि अशा अनुभवांमुळे २००२ साली आंतरराष्ट्रीय वनस्पतिसंरक्षण करारान्वये लाकडी आवेष्टनासाठी जागतिक मानक ठरले. त्यानुसार ‘एचटी’ या अक्षरांचा अर्थ असा की लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सियस उष्णता सलग ३० मिनिटे पोचवून आतील कीड मारलेली आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. घरात वापरायच्या वस्तूसाठी पहिली घ्यावी, दुसरी बाजूला ठेवावी. तथापि शिक्का हा कीड मारल्याचा दाखला आहे, स्वच्छतेचा नव्हे: प्रवासात त्या फळीवर कोणते रसायन सांडले याची नोंद कोणत्याच दफ्तरात नसते. म्हणून काळपट किंवा तेलकट डाग, नाकाला झोंबणारा वास, बारीक भोकांतून गळणारा पिठासारखा भुसा, यांपैकी काहीही दिसले तर ती चौकट सोडून द्यावी. तिची फळी स्वयंपाकघरात किंवा लहान मुलाच्या पाळण्याला तर लावू नयेच, पण चुलीतही घालू नये. आणखी एक गोष्ट. काही कंपन्यांची रंगवलेली, नाव छापलेली पॅलेट्स भाड्याने फिरत असतात. ती कारखान्याच्या आवारात बेवारस पडलेली दिसली तरी मालकी त्या कंपन्यांचीच राहते, आणि ती मोडणे म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता मोडणे होय.

निवड झाली की खरा सामना खिळ्याशी. साधा गुळगुळीत खिळा लाकूड वाळून आकसले की सैल पडतो. म्हणून यंत्रावर बनणाऱ्या पॅलेटसाठी अंगावर पीळ किंवा कडी काढलेले खिळे वापरतात, जे एकदा शिरले की तंतूंना धरून बसतात आणि उपटताना फळी फाडून बाहेर येतात. हाताने ठोकलेल्या देशी चौकटीत खिळा गुळगुळीत असतो खरा, परंतु त्याचे टोक पलीकडे काढून वाकवून बसवलेले असते. नवखा मनुष्य येथेच चुकतो: तो दोन दांड्यांच्या मध्ये पहार घालून फळी वर उचलू पाहतो, फळीला मधोमध बाक येतो, आणि खिळ्याच्या रेषेत ती उभी चिरते. जाणत्याचा हात निराळा चालतो. तो चौकट उलटी पाडून वाकवलेली टोके आधी पटाशीच्या पाठीने उचलून सरळ करतो. फळी आणि दांडा यांच्या सांध्यात, खिळ्याच्या अगदी लगत, एक पातळ पाचर हळूच ठोकतो. मग फळीच्या पोटाला टाकाऊ लाकडाचा तुकडा टेकवून त्यावर हातोडा मारतो, की मार एका बिंदूवर न बसता रुंदीभर वाटला जावा. एका टोकाला बोटभर फट पडली की तो लगेच दुसऱ्या टोकाला जातो, मग मधल्या खिळ्याकडे, पुन्हा पहिल्या टोकाकडे, आणि फळी सर्व ठिकाणी सारखी उचलत नेतो. फट पडूनही खिळा हटला नाही तर हट्ट न धरता त्या फटीत लोखंड कापायचे पाते घालून खिळाच कापून टाकतो. फळीत राहिलेला तुकडा सुंब्याने मागून ठोकून डोक्यासकट बाहेर काढतो. वैशाखात, जेव्हा वर्ध्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि लाकडातली उरलीसुरली ओल उडते, तेव्हा हे काम टाळावे, किंवा सांधे आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवून सकाळच्या वेळी उरकावे. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि पायात जाड तळव्याचे जोडे ही चैन समजू नये. गंजक्या खिळ्याने झालेली जखम धनुर्वाताचे निमंत्रण ठरू शकते.

सोडवलेली फळी लगेच रंध्याखाली घालण्याचा मोह आवरला पाहिजे. खिळ्याचा एखादा मोडका तुकडा लाकडाच्या पोटात दडलेला असतो, वरून दिसत नाही, आणि यंत्राच्या रंध्याचे पाते त्यावर आदळले की पाते जाते, क्वचित डोळाही जातो. ‘खिया राह्यला, का रंदा गेला,’ एवढ्या पाच शब्दांत इकडचा सुतार हा सारा प्रबंध उरकतो. लोहचुंबक फळीवरून दोन्ही अंगांनी फिरवून मगच ती पुढे जावी. नंतर फळ्या सपाट जागेवर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, वर वजन ठेवून काही आठवडे सावलीत मुरू द्याव्यात, कारण दांड्यांच्या धाकात सरळ राहिलेली फळी मोकळी झाल्यावर आपला मूळचा बाक दाखवू लागते.

आता हिशेब. वर सांगितलेल्या युरोपीय मापाच्या चौकटीतील अकराही फळ्या शाबूत निघाल्या असे समजू. त्या २२ मिलीमीटर जाडीच्या असतात आणि सगळ्यांचे मिळून लाकूड सव्वा घनफुटाच्या आतच भरते. रंध्याखाली दोन्ही अंगांनी मिळून चार मिलीमीटर गेले की शिल्लक जेमतेम एक घनफूट. वरच्या पाच फळ्या कडा सरळ करून एकमेकींना चिकटवल्या तर सुमारे चार फूट बाय दोन फूट असा एका टेबलाचा पृष्ठभाग निघतो. अर्थात एकही फळी फुटली नाही तर, आणि तसे सहसा घडत नाही, म्हणून एका टेबलाला दोन चौकटी धरून चालणे शहाणपणाचे. कोणी म्हणेल, खिळे काढण्याची यातायात हवी कशाला, ठोकळ्यांच्या कडेने करवत चालवावी आणि मोकळे व्हावे. तसे केल्यास १२०० मिलीमीटरच्या फळीतून तीन ठोकळ्यांवरचे ४३५ मिलीमीटर जातात, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक लांबी बुडते, आणि हाती उरतात ३८ सेंटिमीटरचे दोन तुकडे, ज्यांचा पाट होईल, बाक होणार नाही. श्रम वाचवले की लाकूड बुडते, लाकूड वाचवायचे तर श्रम मोजावे लागतात. या व्यवहारात सूट कोणालाच नाही.

मग एका घनफुटासाठी हा खटाटोप करावाच का? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार वर्ध्याइतका क्वचितच दुसऱ्या गावाला असेल. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना येथे झाली, जमनालाल बजाजांनी दिलेली बाग मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी झाली, आणि संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी तेथे राहून अर्थशास्त्राची एक निराळीच मांडणी केली. १९४५ साली तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात त्यांनी निसर्गसंपत्तीचे दोन वर्ग पाडले: कोळसा, खनिज तेल, धातू ही साठ्याची संपत्ती, जी वापरली की घटते, आणि वाहते पाणी किंवा वाढते रान ही प्रवाहाची संपत्ती, जी अक्षय राहते, परंतु केवळ एका अटीवर, की माणसाने मुद्दलाला हात न लावता वार्षिक वाढीपुरतेच घ्यावे. हा निकष पॅलेटला लावून पाहावा. न्यूझीलंडच्या लागवडीतील पाइन साधारणतः २५ ते ३० वर्षांनी तोडीला येतो, आणि त्याची चौकट होऊन ती कित्येकदा एकाच समुद्रप्रवासात, काही आठवड्यांत, निकामी ठरते. तीस वर्षांच्या वाढीने महिनाभराचे काम केले, आणि उरलेली २९ वर्षे अकरा महिने भट्टीत गेली. ती फळी आणखी दहा-पंधरा वर्षे एखाद्या शाळेच्या मांडणीत उभी राहिली तर रानावरचा भार तेवढ्यापुरता हलका होतो. बाजाराच्या भावात हा लाभ दिसत नाही, कुमारप्पांच्या वहीत दिसतो.

दुसरा लाभ शिक्षणाचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जी योजना सिद्ध केली, तिच्यात कताई-विणकाम आणि शेती यांच्याबरोबर सुतारकामालाही मूलोद्योगाचे स्थान होते. बाजारातून आणलेली तयार, घासलेली फळी मुलाला करवत आणि गुण्या एवढेच शिकवते. मोडक्या चौकटीतून सोडवलेली फळी तंतूंची दिशा, गाठीचा हट्ट, ओल आणि आकुंचन, घनफुटाचे गणित आणि गव्हाच्या लोंबीमागचा भूगोल असे पुष्कळ काही शिकवून जाते. खिळे काढण्याचे काम मात्र मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावे.

तरीही अतिरेक नको. जी चौकट एखादी फळी बदलून पुन्हा मालाखाली जाऊ शकते ती मोडणे हा अपव्यय आहे. दुरुस्ती पहिली, फळ्या सोडवणे दुसरे, आणि निर्धोक लाकडाचे सरपण शेवटचे, हाच क्रम योग्य. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे, सिंदी (रेल्वे) येथे कोरड्या बंदराची योजना आखली गेली आहे, तेव्हा या चौकटींची आवक येत्या काळात वाढेल, घटणार नाही. कारखान्यांनी लिलावाआधी शिक्क्याची आणि बिनशिक्क्याची, डागाळलेली आणि स्वच्छ अशी थप्पी निरनिराळी लावली, तरी निम्मे काम तेथेच होईल. उरलेले निम्मे काम खिळे काढणाऱ्या मजुराचे आहे, आणि आजच्या व्यवहारात नेमकी त्याचीच मजुरी ‘लाकूड फुकटचे’ या सबबीखाली कापली जाते. घडवंचीची किंमत ठरवताना लाकडाच्या रकान्यात शून्य लिहायला हरकत नाही. मात्र विकतच्या लाकडाला पडली असती तेवढीच रक्कम, किंबहुना तीहून अधिक, मजुरीच्या रकान्यात मांडली गेली पाहिजे, आणि घडवंची विकत घेणाऱ्याने ती कुरकुर न करता दिली पाहिजे.