समुद्रावर इजा झाली, तर भरपाई कशी मागावी?

आपल्या नांदेड-लातूरकडे समुद्र नाही. पण एखादा पोरगा वेल्डिंग, फिटिंग शिकतो, मुंबईला जातो आणि ठेकेदार त्याला भर समुद्रात बार्जवर पाठवतो. बार्ज म्हणजे सपाट तळाची मोठी नाव. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरच्या आसपास दगावली. ते सगळ्या पेपरांत आले. पण लोखंडाखाली एकाचाच अंगठा गेला, तर कोण छापतो?

कामावर इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यायची. ठेकेदार पळाला, तर ज्या कंपनीचे काम चालू होते तिच्याकडे मागता येते. मालकाने बहुधा विमा उतरवलेला असतो. म्हणून विमा कंपनीचा माणूस दवाखान्यात येतो. गोड बोलतो. म्हणतो, "पन्नास हजार घ्या अन् इथं सही करा, म्हणजे मिटलं." तिथे उरलेला अंगठा उठवू नका बरे! कागद घरी आणा, स्वतः वाचा. इंग्रजीत असेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. असा करार सरकारी अधिकाऱ्यापुढे नोंदवावा लागतो. रक्कम कमी वाटली, तर अधिकारी नोंद नाकारू शकतो.

आता हिशेब पाहा. माणूस ३० वर्षांचा, पगार महिना १५,००० धरला. त्याचे शेकडा ६० म्हणजे ९,०००. कायद्याच्या तक्त्यात ३० वर्षांसाठी २०७.९८ हा आकडा आहे. गुणाकार केला की १८,७१,८२० रुपये होतात. ही कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मिळणारी रक्कम. अंगठा गेला तर शेकडा ३० नुकसान धरतात. म्हणजे ५,६१,५४६ रुपये. कुठे पन्नास हजार!

अपघात झाला की कप्तानाला लगेच सांगावे, नोंदवहीत लिहायला लावावे. दवाखान्याचे कागद, पगाराची चिठ्ठी, सोबत्यांची नावे जपून ठेवावीत. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो.

त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागतात, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. जखमी माणूस जिथे राहतो तिथेही दावा करता येतो. १९२३ च्या जुन्या कायद्यात ही सोय पुढे घातली गेली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. वकिलाला पैसे नसतील, तर जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी विचारावी. कारखान्यातले कामगार, अपंग माणसे आणि बायका यांना तिथे फुकट वकील मिळतो. फोन १५१००.