ठोकलेल्या अंकांची साक्ष : फोर्ड ‘ए’ गाडीच्या चासीचे मूळ

जुन्या मोटारीच्या चासीचे मूळ शोधावयाचे झाल्यास तिच्यावर ठोकलेला क्रमांक वाचावा म्हणजे झाले, अशी एक समजूत आहे. आजच्या सतरा चिन्हांच्या क्रमांकामुळे ती बळावली असावी. अमेरिकेत १९८१ पासून रूढ झालेल्या या पद्धतीत उत्पादक, वर्ष आणि कारखाना या गोष्टी ठरावीक स्थानी नोंदलेल्या असतात. तत्पूर्वी मात्र प्रत्येक उत्पादकाची रीत निराळी होती, आणि ती रीत ठाऊक नसेल तर अंक वाचूनही अर्थ चुकतो. फोर्ड कंपनीची ‘ए’ प्रकारची गाडी हे याचे चांगले उदाहरण होय.

या गाडीची अमेरिकेतील इंजिने डिअरबॉर्न येथील रूज कारखान्यात तयार होत. १९२७ च्या ऑक्टोबरात पहिले इंजिन बाहेर पडले, आणि १९३१ अखेर उत्पादन आटोपेपर्यंत क्रमांक अठ्ठेचाळीस लाखांपलीकडे गेले होते. इंजिनाच्या ब्लॉकवर डाव्या अंगास ‘ए’ हे अक्षर व पुढे क्रमांक ठोकीत. दोन्ही टोकांस ताऱ्याची खूण असे. ही इंजिने नंतर देशभरच्या जुळणी-कारखान्यांकडे रवाना होत. तेथे इंजिन चासीवर बसविताना त्याचाच क्रमांक चासीच्या डाव्या लांब पट्टीच्या वरच्या बाजूस ठोकला जाई. म्हणजे चासीवरील क्रमांक ही मुळात एक नक्कल आहे. तीवरून इंजिन केव्हा तयार झाले हे कळते. पण गाडी कोणत्या गावी जुळविली गेली हे त्यावरून मुळीच कळत नाही. जुळणीची तारीखही त्यावरून काढता येत नाही, कारण मधला काळ इंजिनाच्या प्रवासात व साठवणीत जाई.

तथापि ही नक्कल मोलाची आहे. बॉडी बसली की हा ठसा तिच्याखाली झाकला जातो. अमेरिकेत अशा गाड्यांची मालकीपत्रे बहुधा इंजिनाच्या क्रमांकावर होत असत. इंजिन बदलले की कागद एकीकडे आणि चासी दुसरीकडे, अशी अवस्था होते. कित्येक वर्षांनी दुरुस्तीसाठी बॉडी उचलली जाते आणि खाली भलताच क्रमांक निघतो! गाडी चोरीची आहे, की केवळ इंजिन बदललेले आहे, हा प्रश्न तेव्हा मालकापुढे उभा राहतो. माझ्या मते अशा प्रसंगी चासीच्या साक्षीस अधिक वजन द्यावे, कारण इंजिन बदलणे हे सोपे व नित्याचे काम, चासी बदलणे तसे नव्हे.

क्रमांकाआधीची अक्षरेही बोलकी असतात. कॅनडातील फोर्डच्या इंजिनांवर ‘सीए’ अशी अक्षरे येतात. ब्रिटन वगळता साम्राज्यातील बाजारपेठ कॅनडाच्या कंपनीकडे होती, आणि मुंबईस जुळणी करणारी भारतीय फोर्ड कंपनी १९२६ साली तिचीच शाखा म्हणून निघाली. आपल्याकडील एखाद्या ‘ए’ गाडीवर ही अक्षरे आढळली तर नवल नाही; ती नसतील तर मात्र गाडी कोणत्या वाटेने आली याची चौकशी करावी. ‘एएफ’ ही अक्षरे ब्रिटनमधील अश्वशक्तीवरील करामुळे लहान व्यासाचे सिलिंडर दिलेल्या इंजिनांची होत.

अंक घासून टाकले असतील तर? येथे धातुशास्त्र साहाय्यास येते. ठसा मारताना अंकाखालील पोलादाचे कण दबून विकृत होतात, आणि ही विकृती दिसणाऱ्या खाचेपेक्षा बरीच खोल जाते. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे द्रावण (फ्राय यांचा अभिकर्मक) फिरविले असता दबलेला भाग व सभोवतालचा भाग यांवर निरनिराळा परिणाम होतो आणि अंक अंधूकसे उमटतात. ते पुन्हा दिसेनासे होतात, म्हणून छायाचित्र तत्काळ घ्यावे लागते. विकृत थराच्या खालपर्यंत घासले असेल, किंवा जागेवर वेल्डिंग झाले असेल, तर उपाय चालत नाही. उष्णतेने कणांची रचना नव्याने होते आणि विकृती नाहीशी होते.

जुळणी-कारखान्यांतील हे ठसे हाताने मारलेले असल्यामुळे अंक वाकडेतिकडे व कमीअधिक खोल असतात. अगदी सरळ, एकसारखी ओळ दिसली तर शंका घ्यावी. दुर्दैवाने हौशी मंडळी बॉडी उतरविताच गंज काढण्यासाठी चासीवर वाळूचा मारा करतात, आणि उथळ अंक त्यातच जातात. त्याआधी ती पट्टी हाताने पुसून, तिरप्या उजेडात ठसा टिपून ठेवावा.