भगिनी स्टुडिओ आणि हातात मावणारे खेळ

पैनगंगेच्या दक्षिणेला, तेलंगणाच्या उत्तर टोकाशी असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारी मुले मोबाइलवर जे खेळ खेळतात, ते एकाच ठिकाणी तयार झालेले असतात असे मानण्याचे कारण नाही. मोठ्या कंपन्यांचे स्टुडिओ अनेक देशांत पसरलेले असतात आणि एका मालकीखालच्या अशा स्टुडिओंना भगिनी स्टुडिओ म्हटले जाते. आदिलाबादच्या वाचकाला या व्यवसायाची जवळची ठिकाणे म्हणजे हैदराबाद आणि पुणे, आणि या दोन शहरांचा धागा योगायोगाने एकाच फ्रेंच कुटुंबापर्यंत जातो.

गिलेमो बंधूंनी 1986 मध्ये युबिसॉफ्ट ही कंपनी स्थापन केली, तर त्यांच्यापैकी मिशेल गिलेमो यांनी पुढे मोबाइलच्या खेळांसाठी गेमलॉफ्ट उभी केली. कागदोपत्री दोन्ही कंपन्या वेगळ्या होत्या, पण त्यांच्यातली देवघेव घरच्यासारखी होती. गेमलॉफ्टने हैदराबादेत स्टुडिओ काढला आणि तिचा पुण्यातला स्टुडिओ 2008 मध्ये युबिसॉफ्टने विकत घेतला. गेमलॉफ्टचा ‘डंजन हंटर’ हा 2009 मध्ये आयफोनवर आलेला भूमिकाप्रधान खेळ होता. म्हणजे खेळणारा एखाद्या योद्ध्याची भूमिका घेतो, लढाईतून अनुभवाचे गुण मिळवतो आणि त्या गुणांच्या बळावर पात्राची ताकद पायरीपायरीने वाढवत नेतो. याच मालिकेतला ‘अलायन्स’ 2012 मध्ये सोनीच्या व्हिटा या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला, तेव्हा त्याचे प्रकाशन युबिसॉफ्टने केले. 2016 मध्ये व्हिवेंडीने गेमलॉफ्ट ताब्यात घेतली आणि हे नाते संपले.

एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्यावर नेण्याच्या कामाला पोर्टिंग म्हणतात, आणि ते नुसते नक्कल करण्याचे काम नसते, कारण बोटाच्या स्पर्शावर बेतलेली लढाई बटणांवर नव्याने बसवावी लागते, अक्षरांचा आकार बदलतो आणि स्मृतीची मर्यादाही वेगळी असते. या कामाचा सर्वांत बोलका दाखला जपानमधला आहे. गेमबॉयवरच्या ‘पोकेमॉन’ची लढाई निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर न्यायची होती, त्या वेळी एचएएल लॅबोरेटरी या सहयोगी स्टुडिओचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी ‘पोकेमॉन’ घडवणाऱ्या गेम फ्रीक या स्टुडिओची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, आराखड्याची कागदपत्रे नसताना स्वतः वाचली आणि सुमारे आठवडाभरात ती लढाई नव्या यंत्रावर चालवून दाखवली. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या पुढच्या खेळांतली चित्रे थोड्या जागेत मावावीत म्हणून लागणारे साधनही त्यांनीच करून दिले. दुसऱ्या कंपनीचा अध्यक्ष स्वतः आपली आज्ञावली वाचतो, असे भाग्य मात्र फार थोड्या स्टुडिओंच्या वाट्याला येते.

पुण्याचा अनुभव निराळा आहे. तिथल्या स्टुडिओने ‘जस्ट डान्स’ मालिकेचे काम केले, 2018 मध्ये मुंबईत त्याची धाकटी बहीण सुरू झाली, आणि दोघींकडे मिळून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या 2003 च्या खेळाची नवी आवृत्ती सोपवण्यात आली. तो भूमिकाप्रधान नव्हे, साहसी खेळ. तरीही भारतीय स्टुडिओंकडे मुख्य जबाबदारी येणे ही मोठीच गोष्ट होती. सप्टेंबर 2020 मध्ये पहिली झलक दिसताच चित्रांच्या दर्जावर टीका झाली, प्रकाशन दोनदा लांबले आणि मे 2022 मध्ये काम मूळ खेळ घडवणाऱ्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. अशा वेळी दोष धाकट्या भगिनी स्टुडिओंच्या माथी मारणे सोपे असते. पण सतरा वर्षे जुना खेळ ज्यांनी बांधला ते एका खंडात आणि तो उलगडणारे दुसऱ्या खंडात, ही मांडणी मुळातच कठीण होती.

हैदराबादेत किंवा पुण्यात या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या आदिलाबादच्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच चित्रकलेइतकेच दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचण्याचे शिक्षण मागून घ्यावे, कारण नव्या स्टुडिओकडे पहिल्यांदा येते ते बहुधा हेच काम.